चॉकलेटचं बिस्किट सभासदांना

चॉकलेटचं बिस्किट सभासदांना आणि साधं बिस्किट पाहुण्यांना. हा नियम ज्यांनी केला, त्या सरांबद्दल आज लिहायला बसलेय. लिहायला म्हणजे काय, मी बोलते तशीच लिहिते. माझी शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही शिकले ते इथे, युनिव्हर्सिटीच्या कॅफेत काउंटरमागे उभी राहून, खोक्यांवरची लेबलं वाचत आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत. तेव्हा वाचताना कुठे अडखळलात तर दोष माझा, सरांचा नाही. सरांना दोष लावायचा तर तो फळ्यावर, खडूनं, हातात कागद न घेता सिद्ध करून दाखवावा लागतो. एकीनं ते करून दाखवलं. ती माझीच नात. पण ते पुढे.

सर नागपूरचे. आमच्या मिल्टन कीन्समधल्या एका छोट्या कॅम्पसवर गणित शिकवायचे. इथे इंग्लंडात कॉलेजातली पोरं मास्तरांना सरळ नावानं हाक मारतात. यांना नावानं हाक मारली तर ते मागे वळून दुसरं कोणी आहे का बघायचे. शेवटी गोरी पोरंसुद्धा 'सर' म्हणायला लागली. कोट एकच, आणि त्याच्या दोन्ही खिशांत खडू. सगळ्या वर्गांत व्हाइटबोर्ड आले तरी यांनी एका खोलीतला काळा फळा काढू दिला नाही, आणि इथला खडू ठिसूळ म्हणून नागपूरहून भाच्याकडून मागवायचे. कोट कायम पांढरट. एकदा ड्रायक्लीनिंगवाल्यानं विचारलं म्हणे, "तुमची बेकरी कुठे आहे?" सरांनी त्याला अर्धा तास गणित समजावलं, आणि त्यानं कोट इस्त्री न करताच परत दिला.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, एकदा विचार केला होता. पण उत्तर एकच आहे की अनेक, हे ठरवता आलं नाही."

आमचं गाव मोटारींचं. दर दोन मिनिटांना एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आडवे रस्ते एच, उभे रस्ते व्ही, सगळ्यांना आकडे. सरांना याचं फार कौतुक. "शहाण्या माणसानं राहावं असं अख्ख्या इंग्लंडात हे एकच गाव. आलेखाच्या कागदावर वसलंय." आणि एवढ्या शहाण्या गावात त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मी बावन्नाव्या वर्षी, चौथ्या टेस्टला लायसन्स मिळवलेली बाई. पाऊस असला की मीच त्यांना घरी सोडायची. राउंडअबाउट आला की ते सरसावून बसायचे.

"वहिनी, इथून तीन शक्यता आहेत."

"सर, मागे लॉरी आहे."

"मग दोन."

तर त्यांची ती सोसायटी. तरुणपणी सर दोन वर्षं अमेरिकेत होते. तिथे म्हणे कॉलेजात गणितातल्या हुशार पोरांची मानाची सोसायटी असते. निवडून घेतात, मेणबत्ती लावून शपथ देतात, मोठ्या रजिस्टरमध्ये सही घेतात, पदवीच्या दिवशी गळ्यात गोंड्याची दोरी घालतात. सरांच्या डोक्यात ते भरलं होतं. आता इथे सोसायटी म्हटली की पोरं जमून चीज खातात, नाहीतर टेकड्या चढतात. स्टुडंट्स युनियनच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. 'तुमच्या सोसायटीत सभासद मजा म्हणून काय करतात?' सरांनी एका शब्दात लिहिलं: 'सिद्धता.'

मग रिस्क असेसमेंट. हे या देशाचं दैवत आहे, त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय इथे खुर्चीसुद्धा हलत नाही. धोका कोणता? सरांनी लिहिलं, 'सिद्धता चुकणे.' कोणाला इजा होऊ शकते? 'सगळ्यांना.' टाळण्यासाठी काय कराल? 'चुकणार नाही.' फॉर्म पास झाला. फक्त मेणबत्तीला हरकत आली, आगीचा धोका म्हणून. मग बॅटरीच्या मेणबत्त्या आणल्या. शपथ झाली की पोरानं गंभीर तोंडानं फुंकर मारायची, आणि मग खाली हात घालून बटण बंद करायचं. गळ्यातल्या दोऱ्या म्हणजे पडदे बांधायचे निळे-पिवळे गोंडे होते, हे मला माहीत होतं, कारण ते निवडायला मीच दुकानात गेले होते. पदवीदानाच्या दिवशी ऑफिसच्या बाईनं एका सभासदाच्या गळ्यातला गोंडा काढायला लावला. सरांनी तिला तीन पानी पत्र लिहिलं. तिनं उत्तरात विचारलं, 'पडदे कुठल्या खोलीचे आहेत?'

सोसायटीचं एक वार्तापत्रही निघायचं. त्यात पहिलं पान भरून मागच्या अंकातल्या चुकांची दुरुस्ती असायची. पुढच्या अंकात त्या दुरुस्तीची दुरुस्ती. बाकी मजकुराला कधी जागाच उरली नाही.

आणि घटना! एक्केचाळीस कलमं, सरांनी स्वतः लिहिलेली. त्यातली चार नुसती बिस्किटांवर. दर शुक्रवारी चारला मी ट्रॉलीवर चहा घेऊन जायची, तेव्हा एका बशीत चॉकलेटची, एका बशीत साधी. मी कुठल्या बशीतलं घ्यायचं, याबद्दल घटना गप्प होती, म्हणून मी कुठलंच घेत नसे.

सभासद व्हायचं तर काळ्या फळ्यावर, कागद न बघता, एक गोष्ट स्वतः सिद्ध करायची. ती संपली की सर घड्याळ काढून साठ सेकंद मोजायचे. तेवढ्यात कोणी आक्षेप घेतला नाही तर झालात सभासद. दोन कलमं मात्र पोलादी. एक: नव्या सभासदाला जुन्या सभासदानंच आत घ्यायचं. दुसरं: ज्याची सिद्धता खोटी निघेल, तो सभासद पहिल्या दिवसापासूनच नव्हता असं समजायचं. पहिले सभासद सर. त्यांची सिद्धता त्यांच्याच अक्षरात, फ्रेममध्ये, बिस्किटांच्या टेबलावर टांगलेली. अकरा वर्षांत सव्वीस पोरं आत आली, त्यांची नावं लाकडी पाटीवर लागली, आणि प्रत्येकानं त्या फ्रेमपुढे उभं राहून फोटो काढला. नोकरीच्या प्रोफाइलवर छान दिसतो.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "भागण्याआधी विचारा, खाली शून्य तर नाही?" शून्यानं भागायचं नसतं, एवढं गणित मलासुद्धा त्यांच्यामुळे येतं. एकदा कोणाच्या तरी फेअरवेलला मी केकवर सुरी ठेवली, तर ओरडले, "थांबा! आधी माणसं मोजा. खोलीत कोणीच नसेल तर?" खोलीत आम्ही चौदा जण होतो. त्यांनी मोजले, आणि मग म्हणाले, "हं, आता भागा."

आता माझी नात, रेवा. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी बोलते, पण शब्दांना स्त्री-पुरुष असतात हे तिला आजवर पटलेलं नाही. गणित शिकायला याच कॅम्पसवर आली आणि दुसऱ्या वर्षी सरांनी तिला सोसायटीसाठी बोलावलं. माझा ऊर भरून आला. शुक्रवारी समारंभ होता. त्याआधीच्या रविवारी ती धुण्याची पिशवी घेऊन घरी आली, वॉशिंग मशीन लावलं आणि सोफ्यावर एकटक मोबाइलकडे बघत बसली.

"काय झालं गं?"

"आजी, सरांचा चूक सापडला मला."

सगळ्यांसारखा तिनंही त्या फ्रेमपुढे आधीच फोटो काढून घेतला होता, आणि आपले केस कसे दिसताहेत ते मोबाइलवर मोठं करून बघत होती. केसांच्या मागे चौथी ओळ होती.

"चौथा ओळ बघ. इथे सर भागला. पण खाली झिरो असू शकतो. हे चेकच नाही केला."

मी काय बघणार? पण तिचा चेहरा बघून कळलं की खरं आहे. अकरा वर्षं ती फ्रेम तिथे होती. तिच्यापुढे सव्वीस पोरांनी दात दाखवले होते. वाचली कोणीच नव्हती.

मी काय म्हटलं ते लपवत नाही. मी म्हटलं, "गप्प बस. शुक्रवारी सही कर, बिस्किट खा, मग बघू. म्हाताऱ्या माणसाचं दुसरं काय आहे गं? आणि तू बोललीस तर सोसायटीच उरणार नाही. मग तुला आत कोण घेणार?"

"आय नो. पण सरच म्हणतो ना आजी, चूक दिसला आणि आपण गप्प बसला, तर मग तो आपला चूक."

सोमवारी ती कॅफेत त्यांच्या टेबलाशी गेली आणि मोबाइल पुढे धरला. मी काउंटरमागे कप पुसत होते. एकच कप पुसत होते म्हणा. सरांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. बघितलं. उठले. वीस मिनिटांनी परत आले ते काखेत फ्रेम घेऊन.

"बरोबर आहे तुझं," तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, आजपासून मला साधं बिस्किट."

"सर, एवढंसं काय त्यात—"

"एवढंसं नाही. मी सभासद नाही. म्हणजे मी ज्यांना आत घेतलं, ते सभासद नाहीत. त्यांनी ज्यांना घेतलं, तेही नाहीत. अकरा वर्षं या सोसायटीत एकही माणूस नव्हता."

"मग चॉकलेटची बिस्किटं खाल्ली कोणी?"

"अनधिकृत लोकांनी," सर म्हणाले, आणि खुर्चीत असे बसले की मला त्यांच्याकडे बघवेना. तो माणूस घरी जाऊन करत काय होता? घटना दुरुस्त करत होता. त्याच्या आयुष्यात ती एकच खोली होती, आणि तिच्यातून त्यानं स्वतःला बाहेर काढलं होतं.

त्याच दुपारी त्यांनी सव्वीस जणांना ईमेल केला: 'आपण सभासद नाही, आणि कधीही नव्हता.' एडिनबराला फायनान्समध्ये लागलेल्या एकानं घाबरून विचारलं, सीव्हीवरून काढावं लागेल का? एकीनं लिहिलं, कृपया या यादीतून माझं नाव वगळा. तिसऱ्याला वाटलं हा फसवणुकीचा मेल आहे, त्यानं आयटीकडे तक्रार केली, आणि सरांचं ईमेल दोन दिवस बंद पडलं. चौथी ओळ कोणती, हे कोणीच विचारलं नाही.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. युनियनलाही त्यांनी स्वतःच कळवलं की सभासदसंख्या शून्य. युनियननं लगेच उत्तर पाठवलं: शुक्रवारच्या सभेच्या शेवटी एकही सभासद नसेल तर खोली चेंडू उडवून झेलणाऱ्या जगलिंगवाल्या सोसायटीला. बाकी कामांना युनियनला महिने लागायचे.

शुक्रवारी चारला मी ट्रॉली घेऊन गेले, तर दाराबाहेर जगलिंगची पोरं रंगीत चेंडू घेऊन उभी. आत पाच माजी सभासद, म्हणजे कधीच नसलेले सभासद, रेवा, आणि दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर सर. लाकडी पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. रेवाचे डोळे लाल. तिथलं बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं आपल्या भाषेत सांगते.

सर म्हणाले, "नव्याला आत घ्यायला जुना लागतो. जुना कोणी नाही. विषय संपला. चेंडूवाल्यांना बोलवा."

रेवा उठली. "सर, पण सगळं काही सिद्ध करूनच सुरू होत नाही ना? तुम्हीच शिकवलंत. पहिलं काहीतरी नुसतं मानून घ्यावं लागतं."

"गृहीतक," सर म्हणाले. खिशातला खडू काढून बोटांत फिरवायला लागले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "पण मानायचं कोणाला? ज्यानं सिद्धता दिली, त्याची उद्या खोटी निघू शकते. असा माणूस पाहिजे ज्यानं या खोलीत कधी कसला दावाच केलेला नाही."

मग एकेक मान वळली, ती माझ्याकडे. माझ्या हातात किटली होती.

"मी नववीत गणितात नापास आहे," मी मराठीतच सांगून टाकलं.

"उत्तम!" सरही मराठीत आले. "म्हणजे तुमची चूक काढायला जागाच नाही."

"सर, मला सोडा. मला कप मांडायचेत. मी करणार काय?"

"वहिनी, गृहीतकाला काही करावं लागत नाही. नुसतं असावं लागतं."

तर अशी मी मानाची सभासद झाले. मला शपथ दिली, बॅटरीच्या मेणबत्तीवर मी फुंकर मारली, बटण मात्र सापडेना, ते रेवानं बंद केलं. रजिस्टरमध्ये मराठीत सही ठोकली. मग जुनी सभासद म्हणून मी खुर्चीवर बसले आणि माझ्यापुढे माझी नात फळ्याशी उभी राहिली. तिनं सरांचीच सिद्धता घेतली. चौथ्या ओळीपाशी आली, थांबली, आणि मोठ्यानं म्हणाली, "खाली शून्य तर नाही?" मग पाचव्या ओळीत शून्य असेल तर काय, ते वेगळं करून दाखवलं. तेवढंच मला कळलं, पण तेवढं अगदी स्वच्छ कळलं. मी साठ सेकंद मोजले. आक्षेप नव्हता. रेवा सभासद झाली, तिनं पुढच्याला आत घेतलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. सहा वाजेपर्यंत सगळे पुन्हा आत. जगलिंगवाले कंटाळून गेले होते.

फक्त सर बाहेर.

"तुम्ही पण आत्ताच करा ना," रेवा म्हणाली. "फक्त एक ओळ तर वाढली."

"रांगेनं येईन," सर म्हणाले, आणि साधं बिस्किट चहात बुडवलं.

त्यानंतर त्यांनी तीनदा प्रयत्न केला. आपल्याच सोसायटीत शिरायला, आपल्याच खडूनं, आपल्याच विद्यार्थ्यांपुढे. पहिल्या वेळी मधेच अडकले आणि सभ्यपणे खाली बसले. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर आलं, पण शेवटी स्वतःच सांगितलं की येताना जिन्यावर एकदा कागद पाहिला होता. तिसरी वेळ म्हणजे त्यांच्या रिटायरमेंटच्या आधीचा महिना. त्या दिवशी फळा भरून त्यांनी जे लिहिलं, ते इतकं देखणं होतं की गणित न येणाऱ्यालाही बघत राहावंसं वाटावं. खडू ठेवला. रेवा तोवर सोसायटीची अध्यक्ष झाली होती. तिनं घड्याळ काढलं. मी मनात म्हणत होते, चल रे काट्या, चल, पळ लवकर. चाळीस. पन्नास. पंचावन्नला एक हात वर झाला.

सरांचाच.

"आक्षेप आहे. पाचवी ओळ माझी नाही. ती अध्यक्षांची आहे. मी नुसती पाठ केली."

"सर, प्लीज," रेवा म्हणाली. "कोणाला फरक पडतो?"

"आक्षेप नोंदवा."

तिला नोंदवावा लागला. परतताना गाडीत पोरगी रडली. मी म्हटलं, "रडू नको. त्यांना आत यायचं नाही असं नाही. त्यांना खरं आत यायचंय."

मला मात्र राग आला होता. इतका, की सरांनी लिहिलेली घटना मी वाचायला काढली. एवढे दिवस सभासद असून वाचली नव्हती. फ्रेम न वाचणाऱ्या पोरांना मी कुठल्या तोंडानं हसत होते? लंच ब्रेकमध्ये, डिक्शनरी शेजारी ठेवून, रोज दोन-तीन कलमं. तीन आठवडे लागले. अडतिसाव्या कलमाला मी थांबले. परत वाचलं. रेवाकडून वाचून घेतलं.

शेवटच्या शुक्रवारी सर नागपूरला भाच्याकडे जायच्या तयारीत होते. पोरं निरोप घेऊन गेली, खोलीत उरलो आम्ही तिघं. मी चॉकलेटच्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि त्यांच्या बशीत ठेवलं.

"वहिनी," ते थकून म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. अडतीस नंबरचा. सभासदाला आपल्या वाट्याचं बिस्किट कोणत्याही पाहुण्याला देता येईल, आणि पाहुण्याला ते नाकारता येणार नाही. या देशातली माणसं उगाच नको-नको म्हणतात म्हणून तुम्हीच घातलंय. आणि मी नव्या पाटीवर पहिली सभासद आहे."

सरांनी हात पुढे केला. मी घटना दिली. चष्म्यावर चष्मा चढवून त्यांनी ते कलम वाचलं, मग मागची-पुढची कलमं वाचली, कुठे फट आहे का ते शोधत. रेवानं हळूच घड्याळ काढलं. मी भिंतीवरच्या काट्याकडे बघत होते. साठ सेकंद झाले. आक्षेप आला नाही.

त्यांनी बिस्किट उचललं. मोडायला घेतलं आणि सवयीनं थबकले. रेवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या छातीवर एक बोट टेकवलं.

"शून्य नाही," ते म्हणाले, आणि त्या बिस्किटाचे तीन तुकडे केले.